गोम धुळ्याची नव्हती

अन्याय माझ्या वहिनीवर झाला. गेल्या वर्षी, आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दोन दिवस आधी, सकाळी पावणेआठ वाजता, जळगावात मेहरूणच्या आमच्या घरात, मोरीच्या उंबऱ्यावर. वेळ मी नक्की सांगू शकते, कारण नळाला साडेसातला पाणी येतं आणि तेव्हा दोन हंडे भरून झाले होते.

गुन्हेगार चौघे. आत्या बोलली. आबा, म्हणजे माझे वडील, गप्प बसले. दादा, म्हणजे वहिनीचा नवरा, मोबाइलमध्ये बघत राहिला. चौथी मी. मी हसले. माझं नाव शेवटी घेतलं म्हणून माझा वाटा लहान समजू नये.

मी पत्रकं लिहिते. कॉलेजच्या वसतिगृहातल्या पाण्यापासून ते मेहरूणच्या तुंबलेल्या गटारीपर्यंत मी पत्रकं लिहिली, झेरॉक्स काढल्या, चौकाचौकात वाटल्या. अन्याय कोणावर झाला आणि कधी झाला, हे पहिल्या ओळीत आलं पाहिजे, एवढी शिस्त त्यातून अंगात भिनली आहे. जगभरातल्या अन्यायावर मला पत्रक सुचायचं. घरातला अन्याय मात्र मोरीपाशी माझ्यासमोर उभा होता आणि मी फिदीफिदी हसत होते.

झालं असं. आखाजीला आमच्याकडे लेकी माहेरी जातात. वहिनीची लग्नानंतरची पहिली आखाजी, म्हणून ती धुळ्याला निघाली होती. त्याच नियमाने आत्या, म्हणजे आबांची थोरली बहीण, पारोळ्याकडच्या खेड्यातून तिच्या माहेरी, म्हणजे आमच्या घरी, आदल्या दिवशीच येऊन बसली होती. आई गेल्यापासून घरात बायकांच्या बाजूचा शेवटचा शब्द आत्याचा. वहिनीची बॅग रात्रभर मागच्या खोलीत, जमिनीवर होती. सकाळी तिने ती उचलून मोरीच्या उंबऱ्याशी आणली, ब्रश आणि साबणाची डबी टाकायला चेन उघडली, आणि आतून गोम निघाली.

चांगली बोटभर लांब, भुरकट, आणि चहूबाजूंनी पायच पाय. ती बॅगवरून उतरली, आत्याच्या पायावरून गेली आणि हंड्यामागे शिरली. अडुसष्ट वर्षांची आत्या, जिला रोज उठताना दोन माणसं लागतात, ती कोणाचाही हात न धरता पाण्याच्या ड्रमवर चढली. मला हसू आलं ते तिथे. ड्रमवरून आत्याने निकाल दिला.

"हाई धुयानी गोम शे! आमना घरमा कधीच गोम नव्हती. माहेरना घरनी घाण बॅगमा भरीसन आणी हिनी!"

वहिनी म्हणाली, "आत्या, बॅग इथे भरली. मी धुळ्याला जातेय, धुळ्याहून येत नाहीये."

युक्तिवाद बिनतोड होता. कोर्टात टिकला असता. पण आत्या ड्रमवर होती, आणि उंचावरच्या माणसाचं म्हणणं आपल्याकडे खरं धरतात. ती म्हणाली, "मंग लगीनमा आणेल व्हई. आठ महिना पासून लपेल व्हती."

वहिनीने आबांकडे पाहिलं. आबांनी कूलरकडे पाहिलं. तिने दादाकडे पाहिलं. दादा म्हणाला, "जाऊ दे ना, बस निघून जाईल." तिने माझ्याकडे पाहिलं, आणि मी अजून हसत होते. तिने चेन लावली, बॅग उचलली आणि एकटी स्टँडवर गेली. मागे दादाने गोम पकडून लोणच्याच्या रिकाम्या बरणीत घातली. कशासाठी, ते त्यालाही माहीत नव्हतं. बरणी फ्रिजवर ठेवली गेली.

आखाजी झाली. आमरस झाला, खापरावरच्या पुरणपोळ्या झाल्या. आठवडा गेला, वहिनी आली नाही. दादा फोन करायचा, ती उचलायची नाही. मग तिने मला केला.

"ताई, मी भांडत नाहीये. मला एकच वाक्य पाहिजे. गोम माझ्या माहेरची नव्हती, एवढंच. जिथे बोलल्या त्याच मोरीपाशी, जे होते त्यांच्यासमोर, ज्या बोलल्या त्यांनीच म्हणायचं. मग मी येते."

"आणि नाही म्हटलं तर?"

"तर धुळ्यात शाळा पुष्कळ आहेत. मी लग्नाआधी शिकवतच होते. बी.एड. आहे माझं."

मी हे घरात सांगितलं. आत्या अजून मुक्कामाला होतीच. ती म्हणाली, एका गोमेसाठी संसार मोडणारी पोरगी बघितली नाही. मी म्हटलं, मोडतंय कोण? आबा म्हणाले, "विषय बंद." आणि कूलर चालू केला.

विषय कसला बंद होतो! दोन दिवसांनी नाना आले, वहिनीचे वडील. नाना धुळ्याला सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते, आता निवृत्त. आले ते मांडीवर बरणी घेऊन. एसटीत कंडक्टरने विचारलं, बरणीत काय आहे. नाना म्हणाले, पुरावा. कंडक्टरने पुढे काही विचारलं नाही. धुळ्याच्या बसमध्ये असं उत्तर पहिल्यांदा मिळालं नसावं.

नानांनी बरणी टेबलावर ठेवली. आत दुसरी गोम. झाकणाला कागद गुंडाळून दोरा बांधलेला, कागदावर वेळ, ठिकाण आणि दोन शेजाऱ्यांच्या सह्या.

"व्याही," नाना म्हणाले, "मुलीने घरी बॅग रिकामी केली तेव्हा ही निघाली. म्हणजे तुमच्या घरून आमच्याकडे गोम आली. आम्ही काही बोललो? नाही. आम्ही पंचनामा केला."

आत्याने फ्रिजवरची बरणी काढून तिच्याशेजारी आदळली. "तुमन्याच दोन्ही! एक आठे तुमना जावईघर राहीनी, एक घर गयी."

"तुमची मेलेली आहे," नाना म्हणाले.

"दुखमा मरनी. परकं गाव तिले," आत्या म्हणाली.

हे मी बनवून लिहीत नाही. दोन शहाणी, नातवंडं-पतवंडं बघायच्या वयाची माणसं दोन बरण्यांवर वाकली होती आणि कोणती गोम कोणत्या जिल्ह्याची हे ठरवत होती. शेजारचे भाऊ उगाच डोकावले, त्यांना पंच केलं. नाना म्हणाले, पाय मोजा, एका घरातल्या असतील तर सारखे भरतील. कागद-पेन आलं. भाऊंनी चष्मा काढून भिंग घेतलं. आमच्या बरणीतली भरली सत्तावीस पायांची. धुळ्याहून आलेली बावीस.

"बघा," आबा पहिल्यांदाच बोलले, "वेगळ्या आहेत."

"बाकीचे पाच पाय कुठे गेले मग?" भाऊंनी विचारलं.

"धुळ्याचे रस्ते बघितलेत का?" आबा म्हणाले.

नाना ताडकन उभे राहिले. "आमचे रस्ते काढू नका, व्याही. तुमच्या जळगावात उन्हाळ्यात डांबर चपलेला चिकटून घरात येतं."

बैठक तिथे संपली. नानांनी चहा अर्धा टाकला. आमच्याकडे चहा अर्धा टाकणं म्हणजे काय, ते मी सांगायला नको. बरणी मात्र ठेवून गेले, तिची पोच आबांकडून लिहून घेऊन.

त्या संध्याकाळी मला स्वतःचा राग आला. मी माहिती काढते, मग पत्रक लिहिते, असं मी लोकांना छातीठोक सांगायची. इथे माहिती कोणी काढलीच नव्हती. गोम घरात का येते, हा साधा प्रश्न दोन जिल्ह्यांतल्या एकाही माणसाने विचारला नव्हता. मी वाचलं, कॉलेजमधल्या प्राणिशास्त्राच्या मॅडमना जाऊन भेटले. त्यांनी पहिल्या मिनिटात निम्मा खटला उडवला. या जातीला पायांच्या पंधरा जोड्या असतात, म्हणजे तीस पाय, आणि पकडलं की ती पाय सोडून पळते. म्हणजे पाय मोजून काढलेला निकाल हा ती किती घाबरली होती याचा निकाल होता.

बाकीचंही ऐका, कारण तुमच्याही घरात हाच गोंधळ असणार. गोमेच्या अंगात पाणी टिकत नाही. कोरड्या हवेत ती वाळून मरते. आता मे महिन्यात जळगावात अशा जिवाने जायचं कुठे? जिथे ओल आहे तिथे. शिवाय ती झुरळं खाते, कोळी खाते, वाळवी खाते. घरात ओल आणि झुरळं दोन्ही असतील तर तिच्या दृष्टीने राहायची आणि जेवायची सोय झाली. तुमच्या कानात शिरायला ती येत नाही, तुमच्या कानात तिचं काहीही काम नाही. अंगाखाली दाबली गेली तरच चावते, तेही क्वचित. लालसर, जाडजूड घोण वेगळी, तिच्यापासून हात लांबच ठेवा. पण ही लांब पायांची भुरकट गोम सुनेच्या बॅगेतून येत नाही, माहेरून येत नाही, वळणातून येत नाही. ओलीतून येते.

मग मी दुपारी दोन वाजता, डोक्याला ओढणी गुंडाळून, आमच्याच घराच्या मागे ओल शोधायला गेले. फार शोधावं लागलं नाही. ओल कूलरखाली होती.

इथे आमच्या कूलरबद्दल सांगितलं पाहिजे. खान्देशात कूलरला घरातल्या माणसासारखं वागवतात. होळी झाली की त्याला अंघोळ घालतात, नवं गवत नेसवतात, आणि मृग लागेपर्यंत त्याच्या पुढ्यात झोपतात. आमचा तर आबांनी स्वतः बनवलेला. आबा वरणगावच्या कारखान्यात फिटर होते. पत्रा त्यांनी कापला, अँगल त्यांनी जोडले, वेल्डिंग त्यांचं. वीस वर्षं झाली. दादाचा दहावीचा निकाल आबांना आठवत नाही, कूलरच्या मोटारीचे वाइंडिंग कधी केलं ते आठवतं. त्या कूलरची टाकी मागच्या कोपऱ्यातून ठिबकत होती. थेंब थेंब, दिवसभर.

आणि थेंब पडत होते पळाट्यांवर. पळाट्या म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं. भरिताची वांगी आम्ही त्यांच्यावरच भाजतो. गॅसवर भाजलेल्या वांग्याला आबा भरीत म्हणत नाहीत, आजाऱ्याचं जेवण म्हणतात. हिवाळ्यातल्या भरीत-पार्ट्या उरकल्या की उरलेली मोळी पुढच्या हिवाळ्यासाठी ठेवायची. उन्हात ठेवली तर भुगा होतो, म्हणून सावलीत. आमच्या घरामागे सावली एकाच जागी पडते. कूलरखाली. अशी ती मोळी भिंतीला टेकून, वरून दोन महिने ठिबक सिंचन घेत उभी होती. केळीलासुद्धा एवढं नियमित पाणी मिळत नाही.

मी काठीने मोळी उचकटली. खालून गोमी निघाल्या. किती ते मोजलं नाही, मोजणीवरचा माझा विश्वास उडाला होता. भिंतीला तिथे बोटभर भेग होती. भेगेपलीकडे मागची खोली, आणि त्या खोलीत, भेगेच्या बरोबर समोर, वहिनीची बॅग रात्रभर जमिनीवर.

मी आत येऊन जाहीर केलं, "गुन्हेगार सापडला. कूलर."

"कूलरचं नाव घ्यायचं नाही," आबा म्हणाले.

मी कूलरचा छोटा पंप काढला, पर्समध्ये ठेवला आणि सांगितलं की भिंत वाळेपर्यंत कूलर बंद. घरातलं माझं पहिलं आंदोलन. बाहेर पंचेचाळीसच्या आसपास ऊन. आत्या ओली चादर गुंडाळून फरशीवर पडली आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला सांगू लागली की भाची तिला मारतेय. दादा मित्राकडे जेवायला जाऊ लागला. आबा बंद कूलरसमोर खुर्ची टाकून बसले. दुसऱ्या दिवशी मी पत्रक काढलं, "गोम धुळ्याची नाही!" आणि गल्लीत वीस घरांत टाकलं. आबांनी त्याच पत्रकाने वारा घेतला. वाचलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी मोरीत जात होते. आत पाऊल टाकायच्या आधी माझा हात आपोआप दारातल्या बादलीवर पडला, दोनदा. टण, टण. आईची सवय. ती मोरीत जायच्या आधी नेहमी बादली दोनदा वाजवायची. मीही लहानपणापासून वाजवत आले, का ते कधी मनात आलं नाही. त्या दिवशी आलं.

मी आबांसमोर जाऊन उभी राहिले. "आई बादली का वाजवायची?"

आबा वारा घ्यायचे थांबले. त्यांनी हातातल्या पत्रकाकडे पाहिलं, बहुतेक पहिल्यांदाच.

"गोमी पळाव्यात म्हणून," ते म्हणाले.

"म्हणजे होत्या?"

"कूलर बसवला त्या वर्षापासून. ती म्हणायची, ठिबकतोय, बघा. मी म्हणायचो, बघतो."

वीस वर्षं! त्यातली आईच्या वाट्याची सगळी वर्षं ती बादली वाजवून जगली, आणि आबांना माहीत होतं. मोरीच्या उंबऱ्यावर वहिनीने त्यांच्याकडे पाहिलं तेव्हाही माहीत होतं. तरी त्यांनी कूलरकडे पाहिलं. फरशीवरून आत्या हळूच म्हणाली, "तुनी माय सांगे माले. मी म्हनू, तुले भास व्हतस." मग ती चादर डोक्यावर ओढून पडून राहिली.

मी पंप परत दिला नाही. आबांनी मागितलाही नाही. त्यांनी कूलर उतरवला, टाकीचा कोपरा घासला, नवीन पट्टी मारून वेल्डिंग केलं, आणि पाणी भरून अर्धा दिवस खाली कोरडा कागद ठेवून तपासलं. पळाट्यांची मोळी गच्चीवर नेली, भिंतीपासून लांब, विटांवर. भेग सिमेंटने बुजवली. मोरीच्या भोकावर बारीक जाळी बसवली, मागच्या दाराखाली रबराची पट्टी. मी माळ्यावरचे ओले खोके आणि जुने पेपर काढले, तर झुरळांचं अख्खं गाव निघालं, तेही उठवलं. दादाला झाडू दिला. एवढं सगळं दोन दिवसांत झालं. वीस वर्षं जे झालं नाही त्याला दोन दिवस लागले, हे वाक्य मी पत्रकात लिहिलं असतं, पण घरातच बोलून दाखवलं.

मग आबा म्हणाले, "चल, धुळ्याला जाऊ." सोबत त्यांनी पाने आणि पक्कड घेतली. मी विचारलं कशाला. म्हणाले, राहू दे.

नानांच्या घरी पाणी प्यायलं आणि आबा काही न बोलता सरळ नानांच्या कूलरमागे गेले. तिथेही ठिबकत होतं. तासभर ते तिथेच घामाघूम होऊन खटपट करत होते. नाना शेजारी उभे राहून विचारत होते, "व्याही, हे कशाबद्दल?" आबा म्हणाले, "वायसर गेलंय." परत आले तेव्हा हात काळे, आणि तोंडावर आता झालं असा भाव.

वहिनी दारात उभी होती. ती म्हणाली, "आबा, कूलर छान झाला. पण मी कूलर मागितला नव्हता."

आमच्या घरच्या पुरुषांना दुरुस्ती म्हणजे माफी वाटते. पाना फिरवला की झालं. वहिनीने तो हिशेब नाकारला, आणि मला वाटलं, इतक्या वर्षांत आईला हे एक वाक्य बोलायला कोणीतरी शिकवायला हवं होतं. आबांनी पाना खाली ठेवला आणि म्हणाले, "बरोबर. मोरीपाशी."

दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेआठला आम्ही मोरीपाशी उभे होतो. नळाला पाणी आलेलं, दोन हंडे भरलेले. वहिनी बॅगेसकट उंबऱ्यावर. नाना साक्षीला, कागद घेऊन. शेजारचे भाऊ भिंग घेऊन आले होते, त्यांना भिंग खिशात ठेवायला सांगितलं. आत्याला मी विचारलं, ड्रमवर चढतेस का? ती म्हणाली, "थोबाड फोडसू." आणि खाली, फरशीवर, सगळ्यांच्या बरोबरीने उभी राहिली.

आधी आबा बोलले. "गोमी या घरातल्या. मला माहीत होतं. मी गप्प बसलो." दादा म्हणाला, "मी पण," आणि मोबाइल खिशात होता. मी म्हणाले, "मी हसले."

आत्याने पदर सावरला. घसा दोनदा खाकरला. मग सगळ्यांच्या देखत, नानांना लिहून घेता यावं इतक्या सावकाश म्हणाली, "गोम धुयानी नव्हती. आमनी शे."

इतकं विचित्र वाक्य कोणा घराने इतक्या गंभीरपणे म्हटलं नसेल. कोणीच हसलं नाही. वहिनीने बॅग आत ठेवली. जमिनीवर नाही, खुर्चीवर. आणि मोरीत शिरण्याआधी मी रोज वाजवायचे त्या बादलीकडे तिने बघितलं, पण वाजवली नाही.

आता तुम्ही. हे वाचून झाल्यावर ठेवून देऊ नका. उठा, घराच्या मागे जा, कूलरखालच्या भिंतीला हात लावा. ओली असेल तर टाकी आज दुरुस्त करा, पळाट्या नाहीतर लाकडं जे काही भिंतीला टेकवलं असेल ते आज हलवा, मोरीच्या भोकाला आज जाळी लावा. आणि त्या गोमेवरून, झुरळावरून, कशावरूनही घरातल्या सुनेला बोलला असाल, किंवा कोणी बोलत असताना कूलरकडे बघत बसला असाल, तर तिला बोलवा. ज्या जागी बोललात त्याच जागी, जे होते त्यांच्यासमोर उभे राहा, आणि म्हणा: गोम आमची आहे. पाना हातात घेऊ नका. तोंडाने म्हणा.